रशियात लिहून दिलेलं मेक्सिडॉल: सलाईन घ्यावं का?

व्होल्गाकाठ
रशियात एमबीबीएस करणाऱ्या २१ वर्षांच्या मराठी मुलीसाठी विचारतोय. तक्रारी: छातीत धडधड, तळहातांना घाम, झोप उडणं, परीक्षा जवळ आली की जास्त. तिथल्या पॉलिक्लिनिकने 'वेगेतो-सोसुदिस्ताया दिस्तोनिया' (नसा आणि रक्तवाहिन्यांचा ताळमेळ बिघडलाय, अशी ढोबळ पाटी) असं निदान करून मेक्सिडॉल हे औषध दिलंय. चिठ्ठी अशी: ५ मिलीचं एक अँपूल १०० मिली सलाईनमधून रोज, १० दिवस. मग १२५ मिग्रॅची गोळी दिवसातून तीनदा, ६ आठवडे. पुण्याहून नेलेली क्लोनाझेपाम (घबराट-झोपेसाठीची गोळी) ०.२५ मिग्रॅ रात्री चालू आहे. लहानपणापासून दमा आहे, पंप वापरते. हे घ्यावं का? घेताना काय सांभाळायचं?

खलबत्ता
दमा आणि क्लोनाझेपाम, या दोन गोष्टी त्या डॉक्टरांना सांगितल्या होत्या का? नसतील तर पहिलं अँपूल फोडण्याआधी सांगा.

मेक्सिडॉलच्या इंजेक्शनमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असतं, औषध टिकावं म्हणून घातलेलं. काही दमेकऱ्यांना सल्फाइटने जोराचा झटका येतो, आणि कंपनीच्या माहितीपत्रकातच दमेकऱ्यांसाठी तशी सूचना आहे. तिला वाइन किंवा सल्फाइट लावलेला सुकामेवा खाऊन कधी धाप लागली असेल तर इंजेक्शनचा विषय तिथेच संपला. गोळीत ही भानगड नाही. मात्र गोळीत लॅक्टोज आहे, दूध न पचणाऱ्यांनी बघून घ्यावं.

क्लोनाझेपामचा परिणाम या औषधाने वाढतो. म्हणजे सकाळी न उतरणारी गुंगी. पण म्हणून क्लोनाझेपाम एकदम तोडायची नाही. ती अचानक बंद केली की घबराट दुपटीने उसळते आणि मग नव्या औषधाने काय केलं आणि जुनं बंद केल्याने काय झालं हे कुणालाच कळत नाही. आणखी एक: क्लोनाझेपाम रशियात नियंत्रित मनोविकार-औषधांच्या यादीत आहे. मूळ चिठ्ठी आणि तिचं रशियन भाषांतर जवळ हवंच.

आता मेक्सिडॉलबद्दल. आतला घटक इथाइलमिथाइलहायड्रॉक्सीपिरिडीन सक्सिनेट, सोव्हिएत काळातलं संशोधन. रेणूची ठेवण व्हिटॅमिन बी-६ सारखी आहे, पण तो बी-६ चं काम करत नाही, त्यामुळे 'व्हिटॅमिनचंच सलाईन आहे' असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. १२५ मिग्रॅच्या गोळीत वजनाने सुमारे ६७ मिग्रॅ मूळ रेणू आणि ५८ मिग्रॅ सक्सिनिक आम्ल. मूळ रेणूने पेशीच्या पटलातल्या मेदाचं ऑक्सिडीकरण थोपवायचं आणि सक्सिनेटने मायटोकॉन्ड्रियाला (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाला) हातभार लावायचा, अशी त्यामागची मांडणी आहे. गुंगी फार येत नाही म्हणून तिकडे दिवसा घ्यायचं चिंताशामक म्हणून ते चालतं.

गोळीचा डोस १२५ ते २५० मिग्रॅ तीनदा, दिवसाला ८०० मिग्रॅच्या वर नाही. शेवटच्या दोन-तीन दिवसांत डोस कमी करत बंद करायचं. मूत्रपिंड किंवा यकृत अचानक निकामी झालेलं असेल, गर्भारपण असेल, अंगावर पाजत असेल तर देत नाहीत. मळमळ आणि तोंड कोरडं पडणं या नेहमीच्या तक्रारी.

फार्मसीत 'एमॉक्सिपिन' हातात पडलं तर परत करा. ते त्याच मूळ रेणूचं हायड्रोक्लोराइड आहे, सक्सिनेट नाही; त्याचे १ टक्क्याचे डोळ्यांचे थेंब मिळतात. (त्याच मेक्सिडॉलच्या नावाची टूथपेस्टही मिळते. असो.)

वॉर्डातली
सलाईनबद्दल मी सांगते, कारण गडबड होते ती वेगात.

५ मिलीच्या अँपूलमध्ये २५० मिग्रॅ असतं. ते ०.९ टक्के सलाईनमध्येच मिसळायचं. त्याच बाटलीत दुसरं काही टोचायचं नाही. 'बी-कॉम्प्लेक्सही सोडू का' असं विचारलं तर नाही म्हणायचं. वेग मिनिटाला ४० ते ६० थेंब. साध्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे १०० मिलीला ३३ ते ५० मिनिटं लागली पाहिजेत. पुढचा पेशंट थांबलाय म्हणून नळीवरचं वेगाचं चाक पूर्ण उघडून १५ मिनिटांत बाटली उरकली तर तोंडाला धातूची चव येते, अंगातून गरम लाट जाते, घशात खवखव आणि छातीत दडपल्यासारखं होतं. आधीच घाबरलेल्या मुलीला हे झालं की तिला वाटतं, आता हार्ट अटॅकच आला. बहुतेक वेळा वेग कमी केला की उतरतं. पण दमेकऱ्याला छातीत घरघर सुरू झाली तर वेग कमी करत बसायचं नाही. सलाईन बंद, डॉक्टरला हाक. पंप उशाशी हवा.

थेट शिरेत द्यायचं असेल तरी ५ ते ७ मिनिटं घेऊन. अँपूल उन्हात किंवा खिडकीत ठेवायचं नाही, ते उजेडाने खराब होतं.

मेंदूवाला
वरचं सगळं ठीक, पण मुळात सलाईन कशासाठी? माहितीपत्रकात चिंताविकारासाठी इंजेक्शन आहे ते स्नायूत, दिवसाला १०० ते ३०० मिग्रॅ. शिरेतलं ठिबक मुख्यतः पक्षाघात, डोक्याला मार अशा प्रकारांत. रशियात मात्र कापेल्नित्सा, म्हणजे आपलं सलाईन, लावलं की उपचार झाल्यासारखं वाटतं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे म्हणा.

दुसरं म्हणजे ते निदान. 'वेगेतो-सोसुदिस्ताया दिस्तोनिया' हे आपल्याकडे किंवा पश्चिम युरोपात सहसा कुणी लिहीत नाही. त्या एका पाटीखाली पॅनिक, थायरॉइड, रक्तक्षय, चहा-कॉफीचा अतिरेक, सगळं जमा होतं. आधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून घ्या. आणि दमा आहे तर पंपात साल्ब्युटामॉल किती वेळा जातंय ते मोजा. त्यानेही धडधड आणि हाताला कंप येतो. परीक्षेच्या काळात पंप वाढला असेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

पुराव्याचं म्हणाल तर मेक्सिडॉल रशियाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. अमेरिकेत किंवा युरोपीय संघात मान्यता नाही. बहुतेक अभ्यास रशियातले. पक्षाघातासाठी एपिका नावाची प्लासिबोशी (औषध नसलेल्या नकली डोसशी) तुलना करणारी चाचणी झाली, १५१ रुग्णांची, आणि तिचा निष्कर्ष औषधाच्या बाजूने होता. पण १५१ वर मी थांबणार नाही. एनएक्सवाय-०५९ हेही पक्षाघातात मेंदू वाचवायला आणलेलं अँटिऑक्सिडंट. २००६ मध्ये सेंट-१ चाचणीत १,७०० हून अधिक रुग्णांत फायदा दिसला, २००७ मध्ये ३,३०० च्या सेंट-२ मध्ये तो पार गायब झाला. चिंतेसाठी एसएसआरआय गोळ्या (नैराश्य-चिंतेवरची नेहमीची औषधं) आणि सीबीटी (विचार-सवयी बदलायला शिकवणारा बोलण्याचा उपचार) यांच्या मागे जेवढा पुरावा आहे, तेवढा मेक्सिडॉलच्या मागे नाही.

माझं मत: सलाईन नको. गोळी घ्यायचीच असेल तर तिथल्या डॉक्टरांना दमा-क्लोनाझेपाम सांगून घ्या, पण मानसोपचारतज्ज्ञाची भेट त्यावर पुढे ढकलू नका. भारतात सुट्टीवर आली की १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं.

व्होल्गाकाठ
आभार. दमा सांगितला नव्हता, आता सांगतोय. गोळ्या अर्ध्यावर असताना ती महिनाभर घरी येईल. भारतात हेच मिळतं का? कुणीतरी इडारावोन सुचवलं.

मेंदूवाला
इडारावोन नाही! तेही अँटिऑक्सिडंटच, जपानमध्ये २००१ पासून, पण काम वेगळं: पक्षाघात झाल्यावर २४ तासांच्या आत सुरू करून ३० मिग्रॅ दिवसातून दोनदा शिरेतून, जास्तीत जास्त १४ दिवस. घबराटीशी त्याचा संबंध नाही. शिवाय त्याच्या काही इंजेक्शनांमध्येही सल्फाइट असतं.

खलबत्ता
मेक्सिडॉल आपल्याकडे दुकानात मिळत नाही, तेव्हा तिकडूनच आणा. स्वतःच्या वापरासाठी सामानातून औषध आणता येतं. औषध नियमांत मर्यादा एका औषधाचे १०० सरासरी डोस अशी आहे. दिवसाला तीन गोळ्या धरल्या तर महिन्याच्या ९० होतात, म्हणजे बसतं. मूळ खोकं, चिठ्ठी आणि तिचं इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा, कस्टम्सने विचारलं तर सरळ दाखवा. घरी कुरिअरने मागवायचं तर आधी फॉर्म १२-ए भरून परवाना काढावा लागतो, त्या फंदात पडू नका.

खोक्यावर चौकोनी ठिपक्यांचा कोड असतो. २०२० पासून रशियात औषधांवर तो सक्तीचा आहे. 'चेस्त्नी झ्नाक' ॲपने स्कॅन केला की खोकं खरं की बनावट ते दुकानातच कळतं. पैसे देण्याआधी करा.

वॉर्डातली
आणि चिठ्ठीवरची अँपूल आधीच घेतली असतील तर ती बॅगेत टाकून आणू नका. इथे कुणी शहाणी नर्स ती टोचणार नाही.