फ्रोजन मटार रोजच्या स्वयंपाकात: तुमचे अनुभव सांगा

कसे वापरता, काय जमलं, काय फसलं, सगळं लिहा. सुरुवात मी करते. माझ्या मटारांचा कायम लगदा व्हायचा, कारण मी ते ताज्या मटारांइतकेच शिजवायचे. गोठवण्याआधी ते उकळत्या पाण्यातून काढलेले असतात, हे फार उशिरा कळलं. रंग आणि चव बिघडवणारी एन्झाइम्स त्याने थांबतात. म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं! आता भाजी होत आली की शेवटी टाकते आणि 3-4 मिनिटं झाकण ठेवते. हिरवेगार राहतात.

*

गोठवलेल्यात सत्त्व उरत नाही, असं मी ठामपणे मानायचो. पण शेंग तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचा स्टार्च होऊ लागतो. चार दिवस फिरून आलेल्या ‘ताज्या’ शेंगा पिठूळ लागतात त्या म्हणूनच. गोठवायचे मटार तोडल्यावर काही तासांतच गोठवतात. क जीवनसत्त्व त्या उकळत्या पाण्यात थोडं जातं, हे खरं. तरी 100 ग्रॅममध्ये साधारण 5 ग्रॅम प्रथिनं आणि 4-5 ग्रॅम तंतू मिळतात. शिजवताना पाणी कमी घालतो आणि उरलेलं ओतून देत नाही.

*

एकटा राहतो, उशिरा घरी येतो. भात होत आला की मूठभर मटार वरून टाकतो. धान्यात लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) कमी असतं, मटारात भरपूर. त्यामुळे जोडी छान जमते. सोलणं नाही, निवडणं नाही. माझ्यासाठी हे फार मोठं आहे.

*

एकदा वीज बराच वेळ गेली आणि सुट्या दाण्यांचा गोळा झाला. किती वेळ कोमट राहिले होते कळेना, म्हणून जीवावर येऊनही टाकून दिले. आता घेतानाच पाकीट चाचपते. दाणे आत सुटे खुळखुळले नाहीत तर परत ठेवते.

*

आईला वॉर्फरिन, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध, चालू आहे. मटारात रक्त गोठायला मदत करणारं के जीवनसत्त्व असतं, म्हणून डॉक्टरांनी बंद करायला नाही, प्रमाण रोज सारखं ठेवायला सांगितलं.

*

आमची धाकटी फ्रीजरमधून काढून तसेच खायची. लिस्टेरिया हा आजारी पाडणारा जंतू गोठवून मरत नाही हे समजल्यावर ते थांबवलं. पूर्ण शिजवून, गार करून वाटीत देते. लहान होती तेव्हा घशात अडकू नये म्हणून प्रत्येक दाणा चिरडून द्यायचे. आता स्वतःच पुन्हा मागते.