सल्ला हवा: स्पोर्ट्स कूपेच्या पुढच्या डाव्या चाकाकडून अधूनमधून ठकठक (जळगाव)

गिरणाकाठ
राम राम मंडळी. दोन दारांची जर्मन कूपे आहे, सेकंडहँड घेतलेली. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, जिल्ह्यात अशी बहुधा एकच असेल आणि आमच्याकडे गाडीवरून माणूस लगेच ओळखतात. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र), मागे मल्टिलिंक (अनेक दांड्यांचं) सस्पेन्शन, 18 इंची चाकं, लो-प्रोफाइल टायर.

पुढच्या डाव्या बाजूने ठक-ठक असा कोरडा आवाज येतो. पण कधी येईल याचा भरवसा नाही. पाइपलाइनसाठी खोदून बुजवलेले कॉलनीतले रस्ते आहेत ना, तिथे 20-30 च्या वेगाने हमखास येतो. हायवेला लागलं की गप्प. सकाळी गाडी बाहेर काढताना स्टेअरिंग वळवलं की कुरकुर पण होते.

वर्कशॉपने दोन्ही शॉकअप बदला म्हणून सांगितलं. पण त्यांच्यासमोर आवाज एकदाही आला नाही, मग शॉकअप कशावरून? तेल गळल्याची खूण नाही. बोनेटचा कोपरा दाबून सोडला तर गाडी एकदा वर येऊन थांबते. पार्ट पुण्या-मुंबईहून मागवावे लागतात, त्यामुळे अंदाजाने एकेक बदलत बसायचं नाही. कुठून सुरुवात करू?

तापीपार
भारी गाडी शे भाऊ! आधी डिकी पूर्ण रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनी, सगळं घरी ठेवून एक चक्कर मारा. मग इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर आणि सायलेन्सरवरचा पत्रा हाताने हलवून बघा. आवाज पुढून येतो असं वाटतं आणि निघतो भलतीकडून.

धुळेकर_फिटर
दादा, शॉकअपला अजिबात हात लावू नका. आवाज कशावर येतो आणि कशावर येत नाही, एवढं आधी पक्कं करा. माझे प्रश्न:

एक, आडव्या गतिरोधकावर, म्हणजे दोन्ही चाकं एकदम चढतात तिथे, आवाज येतो का? दोन, एकच चाक खड्ड्यात गेलं तर? तीन, लांब वळणावर, कन्नड घाटात वगैरे? चार, आवाज चालू असताना ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवला तर थांबतो का?

विचारण्याचं कारण सांगतो. डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा स्टॅबिलायझर बार दोन्ही चाकं एकदम वर गेली की नुसता फिरतो, त्याला पीळ बसत नाही. एकच चाक उचललं की पीळ बसतो आणि सगळा जोर बारला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या छोट्या दांडीवर, म्हणजे लिंक रॉडवर येतो. लिंक रॉडच्या बॉलमध्ये केसभर जरी प्ले (ढिलेपणा) असला तरी तिथे ठक वाजतं. वळणावर गाडी एका बाजूला झुकली की लिंक ताणलेला राहतो, प्ले भरून निघतो, म्हणून गप्प. ब्रेक लावल्यावर आवाज बंद होत असेल तर सस्पेन्शन सोडा, ब्रेक पॅडच्या क्लिपा आणि कॅलिपरच्या पिना बघा.

गिरणाकाठ
दादा, काल-आज हेच करून पाहिलं. डिकी रिकामी होती, तरी आवाज तसाच. गतिरोधकावर नाही. बांभोरीच्या पुलावरचे सांधे आडवे आहेत, तिथेही नाही. कॉलनीत डावं चाक एकटं चरात गेलं की ठक. ब्रेकने काही फरक नाही. कन्नड घाटात गेलो नाही, पण उड्डाणपुलाच्या वळणावर गप्प होती.

वर्कशॉपवाली
मी आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकवते. वर्कशॉपमध्ये आवाज का सापडत नाही, त्याबद्दल लिहिते.

दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी उचलली की चाकं लोंबकळतात. बुश (जोडांमधली रबरं) पिळले जातात, जॉइंट एका बाजूला ओढले जातात आणि जो प्ले शोधायचा तोच दाबला जातो. मिस्त्री टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवतो आणि म्हणतो, काही नाही. गाडी आपल्या चाकांवर उभी असताना तपासली पाहिजे. अलाइनमेंटच्या रॅम्पवर किंवा जुन्या गॅरेजच्या पिटमध्ये हे जमतं. एकाने बाहेरून बंद गाडी आडवी हलवायची, दुसऱ्याने खालून लिंक रॉडच्या बॉलवर बोटं ठेवायची. प्ले असेल तर टिक बोटाला लागते, कानाला ऐकू येण्याआधी. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांडीचा) बॉल जॉइंट आणि टाय रॉड (चाक वळवणारी स्टेअरिंगची दांडी) मात्र चाक उचलून बघायचे: वर-खाली धरून हलवलं की बॉल जॉइंट, डावीकडे-उजवीकडे धरून हलवलं की टाय रॉड. बॉल जॉइंटमध्ये प्ले निघाला तर गाडी त्याच दिवशी उभी करा. लिंक रॉड थोडे दिवस थांबू शकतो, बॉल जॉइंट नाही.

खात्री करायला दोन्ही बाजूंचे लिंक काढा, बारची लोंबणारी टोकं प्लास्टिकच्या टायने बांधा आणि गल्लीत हळू चालवून बघा. आवाज गेला तर प्रश्नच मिटला. पण तसे हायवेला जाऊ नका, गाडी वळणावर जास्त झुकते.

कुरकुरीसाठी बुशवर साधं पाणी मारा. थोडा वेळ थांबली तर तोच बुश. आणि कळकळीने सांगते, डिझेल किंवा काळं ऑइल मारू देऊ नका. आपल्याकडे ही सवय घराघरात आहे. चार दिवस आवाज जातो आणि रबर फुगून सडतं. आधीच मे महिन्यात 45 अंशांच्या पुढचं ऊन खाऊन ते कडक झालेलं असतं. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस.

धुळेकर_फिटर
ताईंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. लिंकचा नट सोडताना आतला बॉल सोबत फिरतो, म्हणून मधल्या खाचेत अ‍ॅलन की घालून धरायचा आणि नट हाताच्या पान्याने सोडायचा. एअर गन लावली तर बॉलवरचा रबरी बूट पिळून फाटतो, मग चांगला लिंकही बाद.

गिरणाकाठ
ओळखीच्या मिस्त्रीकडे पिट आहे, तिथे गेलो. ताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. मी दारापाशी उभं राहून गाडी हलवली आणि मिस्त्रीने खालून हाक मारली, "बोट ठेव इथं." डाव्या लिंकच्या खालच्या बॉलमध्ये स्पष्ट टिक. बूट मागच्या बाजूने चिरलेला, आत ग्रीस नाही, गंजाची लाल माती. उजवा ठीक होता, तरी दोन्ही मागवले. काढून गल्लीत फिरवली, ठकठक बंद. नवे आल्यावर बसवले, कॉलनीत फिरून आलो, एकदम शांत. वर्कशॉपच्या शॉकअपच्या अंदाजापुढे हा खर्च काहीच नाही. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

पण सकाळची कुरकुर तशीच आहे. बुशवर पाणी मारलं, फरक नाही.

धुळेकर_फिटर
मग स्ट्रटच्या वरच्या माउंटचं बेअरिंग बघा. गाडी जागेवर उभी, घरातल्या कोणाला तरी स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकाला फिरवायला सांगा. तुम्ही बोनेट उघडून माउंटवर तळहात ठेवा. बेअरिंग जाम असेल तर स्प्रिंग आधी पीळ घेते आणि मग टंग करून सुटते, हाताला धक्का लागतो. स्प्रिंगच्या वेढ्यात बोटं घालू नका.

गिरणाकाठ
बघितलं. डावीकडे धक्का लागतो, उजवीकडे सरळ फिरतं. माउंट आणि बेअरिंग मागवतोय. बसवताना काय सांभाळू?

वर्कशॉपवाली
दोन्ही बाजूंचे बदला. स्प्रिंग काढायला चांगला कॉम्प्रेसरच वापरा, तारेने बांधून काढू देऊ नका, जिवावर बेतेल. वरचा सेल्फ-लॉकिंग नट नवा घ्या. लोअर आर्मचा बुशचा बोल्ट सोडावा लागला तर शेवटचं कसणं गाडी चाकांवर उतरवून, टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने कसणाऱ्या पान्याने). लोंबत असताना कसला तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. नंतर अलाइनमेंट करून घ्या, आणि त्याआधी टायरमधली हवा दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा.