मदत हवी आहे: बाबांची झोप उडालीय आणि आता विसरायलाही लागलेत

रातकिडा:
बाबा रात्रभर टक्क जागे आणि दिवसा पेपर हातात धरून पेंगतात. महिन्याभरात दोनदा गॅसवर दूध ठेवून विसरले. काल नातवाला तीनदा माझ्या नावाने हाक मारली. झोप नसली की म्हातारपणी मेंदूवर परिणाम होतो असं वाचलं. हा डिमेन्शिया का? लवकर सांगा. 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच लिहिणार असाल तर नका लिहू.

शेंगदाणा:
वय? गोळ्या कुठल्या? घोरतात का?

मावशी_रत्नांग्रीची:
चिमूटभर जायफळ कोमट दुधात. आमच्या अण्णांना शेवटपर्यंत दुसरं काही लागलं नाही.

चौकस:
नावं चुकणं सोडा, माझी आजी चाळिशीपासून चुकायची. पण बीटा-अमायलॉइडचा (डिमेन्शियात मेंदूत साचणारं प्रथिन) कचरा गाढ झोपेत धुतला जातो, हे २०१३ साली मेंदू-संशोधक माइकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांवर दाखवलंय. वयाबरोबर गाढ झोपच कमी होते, मग मोरी तुंबणारच.

शेंगदाणा:
आणि २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजवाल्यांनी उंदरांमध्येच उलटं मोजलं, झोपेत सफाई मंदावते म्हणून! माणसांचं बोला. ब्रिटनमध्ये सुमारे ८ हजार जणांवर २५ वर्षं नजर ठेवली. पन्नाशी ते सत्तरी कायम सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत डिमेन्शियाचा धोका ३० टक्के जास्त निघाला. तो हिशोब वर्षानुवर्षांचा आहे, महिन्याभराच्या जागरणाला लावू नका. माझी उत्तरं कुठायत?

रातकिडा:
७४. घोरतात, कोण घोरत नाही? गोळी फक्त बीपीची.

गादीप्रेमी:
फोमची गादी असेल तर आधी काढा. कापूस पिंजून घ्या.

चौकस:
पिंजारी दिसतो का हल्ली कुठे?

शेंगदाणा:
घोरता घोरता श्वास अडकून दचकतात का? तसं असेल तर स्लीप अ‍ॅप्निया तपासा, त्यातही विसरायला होतं. रात्री लघवीला किती वेळा? बीपीची गोळी पाणी काढणारी आहे का?

रातकिडा:
चार-पाचदा. गोळी सकाळीच घेतात. दचकण्याचं आईला विचारतो.
...
आई म्हणते, दचकत नाहीत. पण मेडिकलवाल्याने दिलेली सर्दीची गोळी गणपतीपासून रोज रात्री घेतायत. 'गुंगी बरी येते' म्हणून. मला आत्ता कळतंय.

चौकस:
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! स्ट्रिपवर क्लोरफेनिरामिन आहे का बघा. ते मेंदूतलं असिटिलकोलीन हे रसायन अडवतं, आठवणीला तेच लागतं. ज्येष्ठांनी टाळायच्या औषधांच्या अमेरिकेतल्या बीअर्स यादीत ते आहे. लघवीही नीट होत नाही त्याने. सोबत नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रीन असेल तर बीपीलाही वाईट.

मावशी_रत्नांग्रीची:
म्हणून म्हटलं, जायफळ.

शेंगदाणा:
मावशी, जायफळही जास्त झालं तर भ्रम होतो.

मावशी_रत्नांग्रीची:
चिमूटभर म्हटलंय रे, वाटीभर नाही.

रातकिडा:
दोन्ही आहेत. स्ट्रिप माझ्या खिशात घातलीय, उद्या रजा टाकून डॉक्टरांकडे नेतो. बाबा दारात उभे राहून विचारतायत, मग आज झोपू कसा?

गादीप्रेमी:
पिंजारी आमच्या गल्लीत येतो अजून, दर रविवारी.