तुमच्या डोळ्यांदेखत पाडलेली जुनी इमारत : अनुभव लिहा

गावाच्या मध्यावरची, रोजच्या पाहण्यातली एखादी जुनी इमारत जाऊन तिथं नवं संकुल उभं राहिलं असेल, तर इथं लिहा. नुसती हळहळ नको. नेमकं काय गेलं आणि पाडायचं कारण काय सांगितलं, तेही येऊ द्या. सुरुवात मीच करतो.

एका आर्किटेक्टकडे उमेदवारी करत होतो तेव्हाची गोष्ट. पाडण्याआधी जुन्या बाजाराच्या इमारतीची मापं घ्यायला मला पाठवलं. भिंत तळाशी दोन फुटांहून जाड, वर जाताना कमी होत गेलेली. जिन्याचा लाकडी कठडा वळणावर इतका गुळगुळीत झालेला की हात आपसूक तिथं थांबायचा. ते टिपायला तक्त्यात रकानाच नव्हता! अहवालात ‘धोकादायक’ असं आलं, कारण ओल. ओल होती, खोटं कशाला बोलू. पण चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेरही सोडते. तिच्यावर कुणीतरी मागाहून सिमेंटचा गिलावा थापला होता, म्हणून ओल आत कोंडली. दुरुस्तीनंच दुखणं दिलं. अहवालावर सही माझी नव्हती, मापं मात्र माझीच.

पागोळी : असल्या इमारतीत मी अठरा वर्षं काढली आहेत. लोक खालून फोटो काढायचे आणि आम्ही वर पावसात बादल्या सरकवत बसायचो. चार बिऱ्हाडांत एक संडास. भाडं नाममात्र, मग मालक कशाला डागडुजी करतोय? पाडली तेव्हा आई म्हणाली, “सुटलो एकदाचे.” (खिडकीचे दोन गज तेवढे मागून आणलेत तिनं.)

धागाकर्ता : हे लिहिलंत ते बरं केलंत. ही बाजू राहूनच जाते.

फलाट : न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून मी बरीच ये-जा केली आहे. १९१० साली उघडलेली ती भव्य इमारत १९६३मध्ये पाडायला घेतली. फलाट जमिनीखाली होते ते राहिले, वर मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे बंदिस्त क्रीडागृह आलं. त्या संतापातून १९६५ला शहराचा वारसा-कायदा झाला आणि पुढे १९७८ला तिथलंच ग्रँड सेंट्रल स्टेशन त्याच कायद्याच्या जोरावर सुप्रीम कोर्टात वाचलं. एक गेलं तेव्हा दुसरं राहिलं.

काचतावदान : आमच्याकडे दर्शनी भिंत ‘जपली’. कित्येक महिने लोखंडी टेकूंवर नुसती भिंत, खिडक्यांतून आभाळ. आता मागे काचेचा टॉवर आहे. मजल्यांच्या उंच्या जुळत नाहीत, त्यामुळे जुन्या खिडकीच्या बरोबर पोटातून नवा स्लॅब गेलेला दिसतो. यापेक्षा सरळ पाडली असती तर बरं.

पहार : माझा धंदाच पाडकामाचा. वर कठड्याबद्दल लिहिलंय, तसलं लाकूड पहिल्या दिवशीच विकलं जातं. चुन्यातली वीट टोकरली की अख्खी सुटते, सिमेंटमधली फुटते. एकदा छत उतरवताना तुळयांच्या सांध्यांवर पटाशीनं मारलेल्या रेघा दिसल्या. एक, दोन, तीन... कुठली तुळई कुठं बसवायची, त्या सुताराच्या खुणा. आम्ही उलट्या क्रमानं उतरवत गेलो. सातव्या तुळईवर त्यानं चुकून आठ रेघा मारून एक खोडली होती.