मदत हवी आहे: न्यूमनसारखा फोटो, शनिवारच्या आत

खडूफळा
एका दिवाळी अंकासाठी पोर्ट्रेट द्यायचंय. संपादकबाईंनी अमेरिकन फोटोग्राफर अरनॉल्ड न्यूमननं काढलेला संगीतकार स्ट्राविन्स्कीचा फोटो पाठवला आणि म्हणाल्या, "असं काहीतरी. माणूस आणि त्याचं काम, दोन्ही दिसलं पाहिजे." जाऊन काढूनही आलो. चेहरा झकास येतोय, पण मागचं सगळं धुरकट. मागे सरकायला जागा नाही. शनिवारी परत जातोय, तेवढीच संधी. कोणती लेन्स भाड्यानं घेऊ? गूगल करा म्हणू नका, केलंय.

रानवाट
कॅमेरा कुठला? आत्ता कोणती लेन्स लावताय? ॲपर्चर किती? माणूस कोण, खोली केवढी? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणण्यासारखं झालं हे.

तिसरी_घंटा
भाडं वगैरे कशाला? चांगला फोन घ्या, पोर्ट्रेट मोड लावा. माझ्या भाचीच्या साखरपुड्याचे फोटो मी तसेच काढले, स्टुडिओवाला बघत राहिला.

रानवाट
पोर्ट्रेट मोड मागचं धूसरच करतो हो! त्यांची तक्रारच ती आहे.

खडूफळा
कॅनन १५००डी, ५० एमएम, ॲपर्चर १.८. आत अंधार असतो म्हणून १.८. मिरजेला सतारमेकर गल्लीत तंबोरे करणारे एक चाचा आहेत. खोली दहा बाय बारा, त्यात निम्मे भोपळे. लेन्सचं नाव सांगा ना कोणीतरी.

सावंत_सावकाश
तुमचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा; त्यावर ५० म्हणजे ८० सारखी झाली, चित्र अरुंद येणार. दहा फुटांत ८० घेऊन बसलात तर नाक आणि कान येणार, भोपळे कुठून येणार? कॅमेऱ्याबरोबर १८-५५ एमएमची झूम लेन्स मिळाली असेल ना? तीच लावा, २४ च्या आसपास. काही भाड्यानं घेऊ नका.

खडूफळा
आहे. पण ती किट लेन्स आहे.

सावंत_सावकाश
मग? एफ ८ ला ती उत्तम चालते. १.८ ला ॲपर्चर सताड उघडं असतं म्हणून मागचं धूसर होतं; ८ ला ते लहान होतं, मागचंही स्पष्ट येतं, फक्त उजेड कमी मिळतो. तिपाई लावा, शटर १/२५ पर्यंत खाली आणा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८०० किंवा १६००. ट्यूब चालू ठेवावी लागली तर शटर १/५० किंवा १/२५ च ठेवा, मधलं काही नको, नाहीतर पट्टे येतील. चाचांना जवारी लावायला, म्हणजे तारांना झंकार यावा म्हणून घोडी घासायला बसवा. घोडीवर, म्हणजे तारांखालच्या त्या पट्टीवर, नजर लावून बसला की कारागीर आपोआप स्थिर राहतो. आणि माणूस अगदी कडेला घेऊ नका, रुंद लेन्स कडेचं डोकं ताणते.

फिक्सर_काका
इथे सगळे लेन्सवर घसरलेत. मी अंधारखोलीत आयुष्य काढलंय म्हणून सांगतो. स्ट्राविन्स्कीचा फोटो १९४६ चा, न्यूयॉर्कमधला, चार बाय पाच इंची फिल्मच्या कॅमेऱ्यावरचा. त्यातला पियानो स्ट्राविन्स्कीचा नाही. एका संपादकाच्या घरी जाऊन काढलाय! मूळ निगेटिव्हमध्ये आजूबाजूचं बरंच काही आहे. न्यूमननं ते निर्दयपणे कापलं. उरलं काय? पियानोचं उघडलेलं काळं झाकण, फिकी भिंत आणि डावीकडे खालच्या कोपऱ्यात हातावर डोकं टेकलेला माणूस. ते झाकण पाश्चात्त्य नोटेशनमधल्या कोमल स्वराच्या चिन्हासारखं (♭) दिसतं. 'हार्पर्स बझार'साठी काढला होता, त्यांनी नाकारला.

तेव्हा खोलीतले सगळे भोपळे आलेच पाहिजेत हा हट्ट सोडा. एक आकार शोधा. तंबोऱ्याच्या भोपळ्याची गोलाई आणि दांडीची सरळ रेघ, यापेक्षा जास्त काय पाहिजे? बाकीचं शनिवारी सकाळी उचलून बाहेर ठेवा.

रानवाट
काका, बाहेर ठेवलं तर ते त्यांचं वातावरण कसलं? 'एन्व्हायर्न्मेंटल पोर्ट्रेट' म्हणतात ना याला?

फिक्सर_काका
लोक म्हणतात. न्यूमनला तो शिक्का फारसा आवडत नसे. वस्तू नुसत्या मागे असून भागत नाही, त्यांनी माणसाबद्दल काही बोललं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्यानं काढलेला जर्मन कारखानदार क्रुपचा फोटो पाहा.

मनोगती
क्रुपचं नाव निघालंच आहे तर: तो फोटो मला कायम खटकतो. १९६३, एसेनचा कारखाना. समोरचा माणूस विश्वासानं बसला, आणि न्यूमननं दोन्ही बाजूंनी दिवे लावून, पुढे झुकायला सांगून त्याचा राक्षस केला. वर हिरवट रंग. ही फसवणूक नाही?

सावंत_सावकाश
समोरचा माणूस म्हणजे आल्फ्रीड क्रुप. युद्धात कैद्यांना गुलामासारखं राबवल्याबद्दल १९४८ मध्ये न्यूरेंबर्गला १२ वर्षांची शिक्षा, १९५१ मध्येच सुटका. आणि न्यूमन ज्यू. मला त्या दिव्यांचं काही वाईट वाटत नाही.

मनोगती
मलाही क्रुपचा पुळका नाही. पण उद्या कोणी तुमच्या-माझ्या चेहऱ्यावर असा दिवा लावला तर? ठरवणार कोण?

फिक्सर_काका
दिवा कुठेही लावला तरी फोटोग्राफर काहीतरी ठरवतोच. वरून लावला की तो देव होतो, त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही.

स्वरगंगा_७२
माझ्या तंबोऱ्याची जवारी उतरली आहे, षड्ज अजिबात झंकारत नाही. हे चाचा पुण्याला येतात का? पत्ता व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) कळवा.

तिसरी_घंटा
फोनमध्ये ट्यूनर ॲप घ्या, फुकट आहे.

स्वरगंगा_७२
अहो, जवारी ॲपनं लागत नाही.

खडूफळा
चाचांशी फोनवर बोललो. भोपळे हलवू देणार नाहीत, वाळायला ठेवलेत. ट्यूबही बंद करणार नाहीत, तार दिसत नाही म्हणतात. खिडकी आहे एक, पण गल्लीकडची. आता?

सावंत_सावकाश
खिडकीचं तोंड कुठल्या दिशेला? दुपारी तिथे ऊन येतं का? हेही तुम्ही सांगितलेलं नाही.

फिक्सर_काका
अंक रंगीत आहे की कृष्णधवल? कृष्णधवल असेल तर ट्यूबच्या रंगाची चिंता सोडा. आणि भोपळे हलत नसतील तर तुम्ही हला. जमिनीवर बसून, अर्धा तयार तंबोरा लेन्सच्या पुढ्यात आडवा घ्या, त्याच्या पलीकडे चाचा. मागचे भोपळे तोच झाकेल.

खडूफळा
कृष्णधवल. खिडकी पश्चिमेला असावी, विचारून सांगतो. १८-५५ कपाटात शोधतोय.