अपस्माराचे औषध स्वस्त असूनही रुग्णांपर्यंत का पोहोचत नाही?

प्रश्न
जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार, म्हणजे आपण ज्याला फिट किंवा आकडी येणे म्हणतो तो आजार, आहे. योग्य निदान आणि उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या फिट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठीच्या फेनोबार्बिटोन या औषधाच्या गोळ्यांचा वर्षाचा खर्चही ५ डॉलरच्या आत बसतो. तरीही गरीब देशांतले सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण उपचारांविना राहतात. गाडे नेमके कुठे अडते?

प्रतिसाद १
गोळी लिहून कोणी द्यायची, इथे अडते. मेंदूविकारतज्ज्ञ शहरांत असतात आणि रुग्ण खेड्यापाड्यांत. म्हणूनच १९९७ साली सुरू झालेल्या अपस्मारविरोधी जागतिक मोहिमेतला चीनच्या ग्रामीण भागातला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. तिथे प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरांना मुख्यतः एकच प्रकार नीट ओळखायला शिकवले गेले: शुद्ध हरपते, अंग ताठ होते आणि मग हातपाय जोरजोरात झटके देऊ लागतात, ती मोठी फिट. औषध आणि पाठपुरावा त्यांच्याकडेच सोपवला. एकूण २,४५५ रुग्णांपैकी ज्यांनी वर्षभर उपचार पूर्ण केले, त्यांतल्या ६८ टक्क्यांच्या फिट निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटल्या, तर एक तृतीयांश रुग्णांना एकही फिट आली नाही. पुढे घाना, मोझांबिक, म्यानमार आणि व्हिएतनाममध्येही हीच वाट धरली गेली.

प्रतिसाद २
वरील मुद्दा पटतो, पण पुरवठ्याकडे दुर्लक्ष नको. फेनोबार्बिटोन १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार नियंत्रित औषध आहे, त्यामुळे त्याच्या आयातीला परवाने लागतात. आरोग्य केंद्रातला साठा संपला आणि रुग्णाच्या गोळ्या एकाएकी बंद पडल्या, तर फिट एकामागून एक येऊन जिवावर बेतू शकते. २०२२ साली जागतिक आरोग्य सभेने स्वीकारलेल्या आराखड्यात २०३१ पर्यंत अपस्माराच्या सेवेची व्याप्ती २०२१ च्या तुलनेत ५० टक्क्यांनी वाढवण्याचे उद्दिष्ट आहे. ही व्याप्ती मोजताना किती जणांची नावे नोंदली यापेक्षा किती जणांना वर्षभर अखंड गोळ्या मिळाल्या, हे पाहावे असे माझे आग्रहाचे मत आहे.

प्रतिसाद ३
प्रतिबंधाचाही विचार व्हावा, कारण सुमारे एक चतुर्थांश अपस्मार टाळता येण्याजोगा आहे. डुकरांमार्फत पसरणाऱ्या टेपवर्म या जंताची अंडी दूषित पाणी किंवा भाजीतून पोटात गेली की मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकतात, आणि शाकाहारी माणूसही त्यातून सुटत नाही. पेरूच्या तुंबेस भागात माणसांना जंतनाशक, डुकरांना औषध व लस, असे दोन्हीकडून काम करून या जंताचा प्रसार थांबवता येतो, हे दाखवले गेले आहे.