साताऱ्यातलं जुनं घर उतरवायचंय, ठेकेदार पारखायचा कसा?

शनिवारपेठी:
नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमचं दुमजली जुनं घर आहे. मातीच्या भिंती, सागवानी खांब-तुळया, कडीपाट, वर मंगलोरी कौलं. पूर्वेची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. पावसाळ्याआधी उतरवायचंय. मी पुण्यात, आई-बाबा तिथेच भाड्याने राहतात. दोन ठेकेदार बघून गेले. एक म्हणतो, १ लाख ४० हजार द्या, जागा साफ करून देतो. दुसरा म्हणतो, लाकूड मला द्या, वर मीच ६० हजार देतो. बाबा दुसऱ्यावर खूश. मला मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतं.

कृष्णाकाठचा:
मुरतंयच! वाईचं घर उतरवताना आम्हीही असेच खूश झालो होतो. चार दिवसांत तुळया, चौकटी, अगदी झोपाळ्याच्या पितळी कड्यासुद्धा ट्रकमध्ये चढल्या. पाचव्या दिवशी ठेकेदाराचा फोन बंद. मागे मातीचा डोंगर; तो हलवायला डंपरच्या १९ खेपा, आमच्या खर्चाने. (आजीच्या कड्या गेल्या त्याचं वाईट अजून वाटतं.)

तेव्हा दोन व्यवहार वेगळे ठेवा. आधी वखारवाल्याला बोलावून सागवान घनफुटावर मोजून घ्या, नाहीतर ६० हजार जास्त की कमी हे कळणार कसं? पाडकामाचे पैसे टप्प्याटप्प्याने द्या, मोठा हप्ता माती उचलल्यावर.

खरी गोम सामाईक भिंतीची. तुळयांची टोकं तिच्यात आत घुसलेली असतात. जेसीबीने ओढली की शेजाऱ्याची भिंतही सोबत येते. तिथे करवतीने भिंतीलगत कापायचं, टोक आत राहू द्यायचं. वरून खाली, हातानेच उतरवायचं. मशीन फक्त जोत्याला. "त्या भिंतीचं काय करणार?" एवढंच विचारा. जो "काही होत नाही हो" म्हणेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा. शेजाऱ्यांच्या भिंतीचे फोटोही आधीच, त्यांच्यासमोर काढा.

आणि ठेकेदाराने आधी उतरवलेलं घर बघायला जाल तेव्हा मालकाला नाही, शेजाऱ्याला भेटा.

माईसाहेब:
वीजजोड कायमचा तोडायचा अर्ज महावितरणकडे लवकर द्या. आमच्याकडे मीटर नेला, खांबावरून आलेली वायर तशीच लोंबत होती. राडारोडा कुठे टाकणार तेही लिहून घ्या. ओढ्यात ओतला तर नगरपालिका तुम्हालाच शोधत येईल. परसात आड असला तर त्यात माती लोटू देऊ नका, मजुरांना तेच सोपं पडतं.

शनिवारपेठी:
आड आहे! बरं झालं सांगितलंत. रविवारी बाबांना घेऊन ६० हजारवाल्याचं गेल्या वर्षीचं काम बघून आलो. शेजारच्या काकूंनी आत बोलावलं, कपाट सरकवून भिंतीचा तडा दाखवला. माझा हात आत गेला. बाबा येताना गाडीत काहीच बोलले नाहीत. आज त्यांनीच वखारवाल्याला फोन केलाय.